केबलवाला गेला, आता तुमची पाळी!

घरात नवीन नेट लागतं तो दिवस आठवा. केबलवाला दादा शिडी लावून खांबावर चढतो, काळी वायर गच्चीवरून खिडकीतून आत घेतो, भिंतीला पांढरा डबा ठोकतो. मग छोट्याशा मशीनवर काचेचा केसाएवढा धागा जोडतो आणि म्हणतो, 'जरा मोबाइल द्या.' मोबाइलवर यूट्यूब पळायला लागलं की त्याचं काम संपलं. तो पैसे घेतो, वायफायचा पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून देतो आणि पुढच्या घरी निघतो.

आपल्यालाही वाटतं, झालं एकदाचं! पण थांबा. वायर नवीन आली, डबा नवीन आला; लॅपटॉप मात्र जुनाच आहे ना? त्याच्या पोटात आधीच्या नेटचे पत्ते, कॉलेजच्या लॅबची सेटिंग्ज, होस्टेलच्या खोलीतली जुगाडं असं सगळं तसंच पडून असतं. ते काढायला कुणी येत नाही. ते काम तुमचं. आणि ते केलं नाही तर काय होतं, हे आमच्या घरात आम्ही चांगलंच भोगलंय.

रात्रीचे अकरा आणि 'नो इंटरनेट'

गेल्या वर्षीची गोष्ट. केडगावला मावशीकडे नवीन नेट लागलं. मावसभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहतो. सुट्टीला तो आला तोच मुळी शिष्यवृत्तीचा अर्ज डोक्यात घेऊन. शेवटची तारीख त्याच दिवशी होती. 'आता घरी नेट आहे, निवांत भरू,' म्हणत महाराज संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसले.

त्याची खोली आतल्या बाजूला, तिथं वायफाय कमी येतं, म्हणून त्यानं डब्यापासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढली. नेट नाही. वायर काढून वायफाय जोडलं. कनेक्टेड दिसतंय, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. झालं! काकांचा पारा चढला. केबलवाल्याला फोन गेला आणि 'पैसे घेताना बरे येता'पासून सुरुवात झाली. बिचारा तो पोरगा रात्री साडेनऊला पावसात भिजत आला. त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप जोडला. नेट सुसाट. मग हळूच म्हणाला, 'काका, लाइन ओके आहे. तुमच्या लॅपटॉपचं बघा.'

काकांना ते काही पटलं नाही. मग भावानं मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघितलं. तरी नाही! तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला, की केबलच्या नेटवर नाही आणि मोबाइलच्या नेटवरही नाही, म्हणजे घोळ लॅपटॉपमध्येच आहे. पण घोळ शोधत बसायला वेळ कुठं होता? कागदपत्रं लॅपटॉपमध्ये, नेट मोबाइलवर. शेजारच्या मुलाकडून ओटीजी केबल आणली, पेन ड्राइव्हमधून कागदपत्रं मोबाइलमध्ये घेतली आणि त्या एवढ्याशा स्क्रीनवर अर्ज भरला. सबमिट झालं तेव्हा अकरा वाजून गेले होते. वर्षभराची शिष्यवृत्ती हातची जाता जाता राहिली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसलो तेव्हा सापडलं. लॅनच्या सेटिंगमध्ये होस्टेलचा पत्ता हातानं टाकलेला होता आणि ब्राउझिंगसाठी कॉलेजची प्रॉक्सी चालू होती. लॅपटॉप एसटीनं माळीवाड्याला उतरला, पण मनानं अजून पुण्याच्या होस्टेलमध्येच होता!

आपल्याकडं ही गोष्ट घरोघरची आहे. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला, तालुके १४. अकोल्याचा मुलगा संगमनेरला किंवा नाशिकला शिकतो, पाथर्डीची मुलगी नगरला रूम करून राहते, अर्धी पोरं पुण्यात आणि संभाजीनगरात. लॅपटॉप सतत बॅगेतून ये-जा करणार आणि जाईल तिथली सेटिंग्ज गोळा करणार. म्हणून ही झाडलोट प्रत्येकानं शिकून घ्यायला हवी.

आधी दोष कुणाचा, ते ठरवा

केबलवाल्याला फोन लावण्याआधी तीन गोष्टी बघा. पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिली, डब्यावरचे दिवे. फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर धागा कुठंतरी तुटलाय किंवा वाकलाय. तिथं तुमच्या हातात काही नाही, सरळ फोन करा.

दुसरी, घरातला मोबाइल. मोबाइल डेटा बंद करा आणि फक्त वायफायवर एखादं पान उघडून बघा. डेटा चालू ठेवून तपासलंत तर तुम्हाला कळणारच नाही की नेट कुठून येतंय.

तिसरी, हॉटस्पॉट. मोबाइलवर वायफाय चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथंही पान उघडलं नाही, तर केबलवाल्याला शिव्या देऊ नका. लॅपटॉपची सफाई करायची वेळ आलीय.

लॅपटॉपची झाडलोट

सुरुवात करण्याआधी एक काम. जी सेटिंग बदलणार, तिचा मोबाइलवर आधी फोटो काढा. होस्टेलवर परत गेलात की तेच आकडे पुन्हा टाकावे लागतील. तेव्हा तुम्ही मला दुवा द्याल!

खालचं सगळं विंडोजच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'नेटवर्क अँड इंटरनेट' या भागात सापडतं.

प्रॉक्सी : कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा होस्टेलवर सगळ्यांचं नेट एका मधल्या कम्प्युटरमधून जातं, तो प्रॉक्सी. म्हणजे गेटवरचा वॉचमनच म्हणा. घरी आल्यावर तुमचा ब्राउझर त्या वॉचमनला शोधत बसतो, तो काही इथं नसतो आणि पान उघडत नाही. गंमत म्हणजे काही ॲप चालतात, फक्त ब्राउझर रुसतो, म्हणून माणूस गोंधळतो. 'प्रॉक्सी' उघडा, 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद करा. 'सेटअप स्क्रिप्ट' चालू असेल तर तीही बंद करा.

आयपी पत्ता : नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो. घरी हा नंबर डबा स्वतः वाटतो. होस्टेलच्या रेक्टरनं आल्या आल्या खोली नंबर द्यावा, तसं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. पण तुम्ही आधीच्या ठिकाणचा नंबर हातानं टाकून ठेवला असेल तर लॅपटॉप म्हणतो, 'माझी खोली ठरलेली आहे.' नवीन होस्टेलमध्ये त्या नंबरची खोलीच नसते, किंवा असते आणि तिथं दुसराच कुणीतरी राहत असतो. दोन मशीनचा नंबर एकच झाला की नेट कधी चालतं, कधी बंद पडतं. उपाय सोपा. 'इथरनेट' आणि 'वायफाय' या दोन्हींमध्ये जाऊन 'आयपी असाइनमेंट' 'ऑटोमॅटिक' करा. दोन्हींमध्ये म्हटलं, कारण बहुतेक जण एकच बघतात.

जुना डायलर : आधी कधी 'ब्रॉडबँड कनेक्शन' या आयकॉनवर क्लिक करून, युजरनेम-पासवर्ड टाकून नेट चालू करत होतात का? नवीन कनेक्शनमध्ये हे काम बहुतेक वेळा डबाच करतो. 'डायल-अप'मध्ये जाऊन जुनं कनेक्शन काढून टाका. मात्र नवीन केबलवाल्यानं तुम्हाला असंच लॉगिन दिलं असेल, तर त्याचं ठेवा आणि फक्त जुनं काढा.

ओळखीची वायफाय : 'मॅनेज नोन नेटवर्क्स' उघडून बघा. कुठली कुठली नावं निघतात! लॉजचं वायफाय, कॅफेचं, स्टेशनवरचं, त्या एका मित्राचं. पासवर्ड नसलेली सगळी उघडी नेटवर्क्स 'फर्गेट' करा. लॅपटॉप फक्त नाव बघून आपोआप जोडला जातो. त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं तर तो विचारायलाही थांबत नाही.

फुकटातली व्हीपीएन : कधीतरी एखादी बंद साइट उघडायला टाकलेली आणि विसरलेली. तुमचं सगळं नेट परक्या कम्प्युटरमधून फिरवून आणणारं ॲप घरात कशाला? काढून टाका.

डीएनएस, म्हणजे रस्ता सांगणारा माणूस

एक सेटिंग मुद्दाम वेगळी ठेवली, कारण तिची गोष्ट भारी आहे.

तुम्ही साइटचं नाव टाकता. कम्प्युटरला मात्र आकड्यांचा पत्ता लागतो. नाव घेऊन आकडा सांगणारा तो डीएनएस. नवख्या माणसानं दिल्ली गेटला उतरून एखाद्या दुकानदाराला पत्ता विचारावा, तसं हे. दुकानदार प्रामाणिक असला तर तुम्ही बरोबर पोचता. लबाड असला तर तो तुम्हाला भलत्याच दारात नेऊन उभं करतो आणि पाटी मात्र तुम्हाला हव्या त्याच नावाची असते.

असं खरंच झालंय. 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसनं १०० हून जास्त देशांतल्या ४० लाखांवर कम्प्युटरची ही एकच सेटिंग गुपचूप बदलली होती. लोक नाव बरोबर टाकायचे आणि पोचायचे चोरांच्या जाहिरातींवर. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ही टोळी उघडकीला आणली, एस्टोनियाचे ६ जण पकडले गेले. पण मग एक पेच पडला. चोरांचे सर्व्हर बंद करावेत, तर एवढ्या लोकांचं नेटच बंद पडणार. म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवले आणि लोकांना सेटिंग साफ करायला मुदत दिली. ९ जुलै २०१२ ला ते सर्व्हर बंद झाले. ज्यांनी तोवर सफाई केली नव्हती, त्यांना त्या दिवशी साइट उघडेनाशा झाल्या. वायर ठीक, बिल भरलेलं, कंपनी ठीक. अडलं ते फक्त एका जुन्या सेटिंगवर.

म्हणून 'डीएनएस असाइनमेंट'ही 'ऑटोमॅटिक' करा. तुम्ही स्वतः समजून उमजून गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकला असेल तर राहू द्या, त्यात वावगं काही नाही. पण तिथं असे आकडे असतील, जे तुम्ही टाकलेले नाहीत आणि कुणी टाकले ते आठवत नाही, तर ते काढाच. आणि मग व्हायरस स्कॅनही करा. केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सुरू आहे. अशी सफाई करायची साधनं तिथं फुकट मिळतात.

आता डब्याला कुलूप

लॅपटॉप साफ झाला. आता त्या पांढऱ्या डब्याकडं वळू. नवीन घराला लॅच बसवतो, मग या दाराला कुलूप नको?

डब्याच्या मागं किंवा खाली स्टिकर असतं. त्यावर एक पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असा. इंग्रजी आकड्यांत तो ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं स्वतःचं पान उघडतं. इथं लक्षात घ्या, पासवर्ड दोन असतात. एक वायफायला जोडायचा, जो पाहुणे मागतात. दुसरा या पानात शिरायचा, म्हणजे ॲडमिनचा. पहिला सगळे बदलतात. दुसरा कुणीच बदलत नाही आणि तो 'ॲडमिन' हाच शब्द असतो, जो साऱ्या जगाला माहीत आहे.

जुलै २०१७ मध्ये याचा फटका आपल्या देशात बसला. बीएसएनएलच्या ग्राहकांकडच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला आणि बंद पडले ते मुख्यतः असे मोडेम, ज्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कधी बदललाच नव्हता. लोकांनो, पासवर्ड बदला, असं आवाहन तेव्हा कंपनीला करावं लागलं. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरनंही जगभरातले कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते. त्याच्याकडं काही जादू नव्हती. कारखान्यातल्या साठेक पासवर्डची एक यादी होती, बस.

'आमच्या घरात काय आहे चोरायला?' असं काका म्हणाले होते. त्यांना सानपाड्याची गोष्ट सांगितली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तो कुठून आला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकी माणसाच्या फ्लॅटवर पोचले. त्याच्या घरच्या वायफायमधून तो ईमेल गेला होता. पाठवणारा दुसराच होता, पण चौकशीला तोंड द्यावं लागलं ते या माणसाला. पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायमधून गेला. नेट कुणी वापरलं हे नंतर कळतं. आधी दार वाजतं ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचं. आणि तुमच्या घरी ते नाव बहुतेक वेळा वडिलांचं असतं.

तर डब्याच्या पानावर एवढं करा. ॲडमिनचा पासवर्ड बदला. केबलवाल्यानं तो दिला नसेल तर त्याला बोलावून तुमच्यासमोर बदलून घ्या. वायफायच्या सिक्युरिटीत 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' निवडा. 'डब्ल्यूपीएस' बंद करा. आठ आकडी पिननं जोडायची ही सोय फोडता येते, हे २०११ पासून जगजाहीर आहे. 'रिमोट मॅनेजमेंट' दिसलं आणि केबलवाल्याला ते लागत नसेल, तर बंद ठेवा. वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर टाकू नका. आणि पासवर्ड घरच्यांचा मोबाइल नंबर ठेवू नका, गल्लीतल्या पोरांना तो पाठ असतो! पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते चालू करा.

हे मात्र करू नका

डब्याच्या मागं सुईएवढं भोक असतं, आत रिसेटचं बटण. नेट स्लो झालं म्हणून त्यात टाचणी खुपसू नका. तुमच्या पासवर्डबरोबर केबलवाल्यानं भरलेली लाइनची सेटिंग्जही पुसली जाऊ शकतात. मग तो येईपर्यंत घर ऑफलाइन. त्याच कारणानं डब्याच्या पानावर 'वॅन' नावाच्या भागाला हात लावू नका.

जुना राउटर 'रेंज वाढेल' म्हणून नवीन डब्याला तसाच जोडू नका. दोघंही नंबर वाटायला बसतात, दोघांचा स्वतःचा पत्ताही कधी कधी एकच निघतो आणि नेट अडखळायला लागतं. जुन्याला आधी 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, मगच जोडा. आणि तो भंगारात किंवा मित्राला देणार असाल, तर त्याला मात्र रिसेट मारूनच द्या. तुमचं लॉगिन आणि पासवर्ड त्यात असतात.

शेवटचं. विंडोजमध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या आत 'नेटवर्क रिसेट' नावाचं ब्रह्मास्त्र आहे. ते सगळं धुऊन काढतं. साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा टाकावं लागतं, कम्प्युटर रीस्टार्ट होतो. बाकी सगळं करून थकलात तरच वापरा. आणि ऑनलाइन परीक्षेच्या किंवा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तर नाहीच नाही.

आमच्याकडं हे सगळं करायला तासाभराच्या आत वेळ लागला. तो तास आधी काढला असता तर त्या रात्रीची पळापळ वाचली असती. आणि पावसात भिजत आलेल्या त्या पोराची बोलणीही. काकांनी पुढच्या रविवारी त्याला चहाला बोलावलं. तो आला, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, 'काका, रोज दोन तरी घरी हेच निघतं. लाइन चांगली असते, लोक ऐकत नाहीत.'

तुमच्या घरी नवीन नेट लागलं असेल तर आजची संध्याकाळ त्याला द्या. फॉर्मची शेवटची तारीख उजाडायच्या आत.

चिकटवून ठेवा!

• सेटिंग बदलण्याआधी मोबाइलवर फोटो.
• प्रॉक्सी बंद. आयपी आणि डीएनएस ऑटोमॅटिक, लॅन आणि वायफाय दोन्हीकडं.
• जुना डायलर, उघडी वायफाय नेटवर्क्स, फुकट व्हीपीएन काढून टाका.
• ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो वहीत लिहून आईकडं द्या.
• 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकतोय? केबलवाल्याला फोन. दिवा हिरवा आणि फक्त लॅपटॉप बंद? काम तुमचं.
• ऑनलाइन पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.